विश्लेषण : पाऊस ओसरताच घाटघर पिवळे का होते?

राजूरहून भंडारदरा आणि तेथून जलाशयाला वळसा घालत गेले की घाटघर येते. सह्याद्री इथेच एकदम तुटतो; कड्याखाली ठाणे जिल्ह्यातील शहापूर तालुका. भाद्रपद सरता सरता पठारावर सोनकी फुलते आणि शनिवार-रविवारी गाड्यांची रांग लागते.

फुले याच दिवसांत का?

अरबी समुद्रावरून आलेले ढग कड्याला अडून वर चढतात, थंड होतात आणि येथेच रिते होतात. त्यामुळे घाटघरला ‘नगरची चेरापुंजी’ म्हणतात. याच जिल्ह्याचा पूर्व भाग मात्र अवर्षणप्रवण. पण येथे काळ्या कातळावर मातीचा थर पातळ आहे. पाऊस थांबला की ओल फार दिवस टिकत नाही. सोनकी, तेरड्यासारख्या एका हंगामाच्या झाडांना तेवढ्यातच फुलून बी धरावे लागते.

पायवाट सोडली तर बिघडते काय?

बी पडण्याआधी झाड तुडवले, तर पुढच्या वर्षीचे फूलही गेले. चाकांखाली दबलेल्या मातीत पाणी मुरत नाही, ते वेगळेच. हा परिसर १९८६ पासून कळसूबाई-हरिश्चंद्रगड अभयारण्यात आहे, हे सेल्फीच्या नादात विसरले जाते.

गावाचे काय?

जेवण, मुक्काम, वाटाड्या यांतून चार पैसे मिळतात, म्हणून पर्यटक नकोत असे कोणी म्हणत नाही. मात्र याच दिवसांत खाचरात भात निसवत असतो. गाडी बांधावर चढवू नये, गावात लावून कड्यापर्यंत चालत जावे.