डबा बदला, जहाज बदला! पण आधी धोक्यांची यादी करा

दोस्तांनो, शाळेच्या डब्यात आईने एका कप्प्यात आमटी दिली आणि दुसऱ्या कप्प्यात लाडू दिले, तर तुम्ही खूशच व्हाल. आमटी चांगली, लाडूही चांगले. पण डबा दप्तरात आडवा झाला, झाकण सैल निघालं आणि आमटी लाडवांत शिरली तर? आमटीत काही दोष नव्हता, लाडवांतही नव्हता. दोघं एकत्र आले आणि घोटाळा झाला!

अगदी असाच प्रश्न काही युद्धनौका बांधणाऱ्यांना पडतो. फरक इतकाच, की त्यांच्या डब्यात क्षेपणास्त्रं असतात, इंधन असतं, बॅटऱ्या असतात, आणि शेजारच्या खोलीत माणसं झोपलेली असतात. चला तर, आज या 'डबेवाल्या' युद्धनौकांची ओळख करून घेऊ.

डेन्मार्कचा उडता मासा

डेन्मार्क हा युरोपातला छोटासा देश. त्याच्या नौदलापुढे १९८०च्या दशकात एक अडचण उभी राहिली. पाणतीर सोडणाऱ्या नौका, पाणसुरुंग काढणाऱ्या नौका, गस्तीच्या नौका, सगळ्याच म्हाताऱ्या झाल्या होत्या. तितक्याच नव्या घ्यायला पैसे नव्हते. मग तिथल्या लोकांनी डोकं लढवलं. त्यांनी ठरवलं, की नौका एकाच प्रकारची बांधायची, पण तिच्यावर ठरावीक मापाचे रिकामे चौक ठेवायचे. एका डब्यात तोफ, एका डब्यात क्षेपणास्त्रं, एका डब्यात सुरुंग शोधायची सामग्री. आज जे काम असेल त्याचा डबा क्रेनने उचलायचा आणि चौकात बसवायचा!

या नौकांच्या वर्गाचं नाव 'फ्ल्यूवेफिस्केन', म्हणजे उडता मासा. लांबी ५४ मीटर. प्रत्येक नौकेवर चार चौक, एक पुढे आणि तीन मागे. डबा बदलायला साधारण अर्धा तास लागायचा. मग काही तास तपासणी, की नौका नव्या कामाला तयार. अशा १४ नौकांनी जुन्या २२ नौकांची जागा घेतली. या डब्यांना इंग्रजीत 'मॉड्यूल' म्हणतात. मेकॅनोच्या तुकड्यांसारखे ते जोडता येतात आणि काढता येतात.

पुढे अमेरिकेनेही ही कल्पना उचलली. किनाऱ्याजवळच्या उथळ पाण्यात लढण्यासाठी त्यांनी दोन प्रकारच्या नौका बांधल्या. पहिली 'फ्रीडम' २००८ साली नौदलात आली, दुसरी 'इंडिपेंडन्स' २०१० साली. एकीचं अंग पोलादाचं, तर दुसरीचं ॲल्युमिनियमचं. एकीला नेहमीसारखा एक तळ, दुसरीला तीन! आणि डबे मात्र दोघींनाही तेच बसले पाहिजेत. सुरुंगांचा डबा, पाणबुड्यांचा डबा, छोट्या वेगवान बोटींशी लढायचा डबा.

आता सांगा, नौका बनवणारे वेगळे, डबा बनवणारे वेगळे. मग सगळं एकत्र आल्यावर काय होईल, याचा विचार कोणी करायचा?

मुंबईने शिकवलेला धडा

हा प्रश्न किती मोठा आहे, ते कळण्यासाठी फार लांब जायला नको. आपल्या मुंबईतच या.

१९४४ सालचा एप्रिल महिना. दुसरं महायुद्ध चालू होतं. 'फोर्ट स्टिकिन' नावाचं मालवाहू जहाज व्हिक्टोरिया गोदीत येऊन लागलं. त्याच्या पोटात सुमारे १४०० टन स्फोटकं होती. वाटेत कराचीला त्यावर कापसाच्या गाठीही चढवल्या होत्या. १४ एप्रिलला दुपारी कापसाला आग लागल्याचं लक्षात आलं. अग्निशमन दलाचे जवान धावले, जहाजात पाणी ओतत राहिले. पण चारच्या सुमारास जहाज प्रचंड आवाज करून फुटलं आणि काही वेळाने पुन्हा फुटलं. गोदी उद्ध्वस्त झाली, आजूबाजूची वस्ती पेटली, शेकडो माणसं गेली. त्यांत आग विझवायला गेलेले कितीतरी जवान होते. त्यांच्या स्मरणार्थ १४ एप्रिल हा दिवस देशभर अग्निशमन सेवा दिन म्हणून पाळला जातो.

नीट बघा हं. कापूस धोक्याचा का? त्याच्या उशीवर तर आपण डोकं टेकून झोपतो! दारूगोळा नीट, एकटा आणि थंड जागी ठेवला तर वर्षानुवर्षं तसाच राहतो. पण दोघं एकाच जहाजात शेजारी आले. आमटी आणि लाडवांची गोष्ट आठवली ना?

दीड मिनिटाचा खेळ

दुसरी गोष्ट अमेरिकेच्या 'फॉरेस्टल' या विमानवाहू जहाजाची. २९ जुलै १९६७ला ते व्हिएतनामजवळच्या समुद्रात होतं. डेकवर विमानं उड्डाणाच्या तयारीत उभी होती, त्यांच्यावर बॉम्ब आणि रॉकेटं लटकवलेली. एका विमानातल्या विजेच्या प्रवाहात अचानक उसळी आली आणि कोणी कळ न दाबताच एक रॉकेट सुटलं. समोरच्या विमानाच्या इंधनाच्या टाकीवर ते आदळलं. इंधन पेटलं. त्या आगीत तापून पहिला बॉम्ब साधारण दीड मिनिटातच फुटला, आणि नळ्या घेऊन पुढे गेलेले अग्निशमनाचे प्रशिक्षित नौसैनिक त्यात सापडले. त्या दिवशी १३४ जण मरण पावले.

या अपघातानंतर अमेरिकेच्या नौदलाने बरंच काही बदललं. आगीत चटकन न फुटणारे बॉम्ब बनवायला सुरुवात झाली. मोजक्याच लोकांनी नाही, तर जहाजावरच्या प्रत्येकाने आग विझवायला शिकलं पाहिजे, असं ठरलं. शिवाय रेडिओ आणि रडारच्या लहरींनी स्फोटकांच्या विजेवर चालणाऱ्या ठिणगीयंत्रात प्रवाह निर्माण होऊ शकतो, तेही कसून तपासलं जाऊ लागलं. म्हणजे क्षेपणास्त्रांचा डबा बसवताना शेजारच्या रडारला विचारावं लागतं, "बाबा रे, तुझ्या लहरी किती जोरात?"

धोक्याचा तक्ता

मग हा विचार करायचा कसा? त्यासाठी अमेरिकेच्या संरक्षण खात्याने १९६९ साली एक नियमावली काढली. तिचा क्रमांक ८८२. तिच्या सुधारित आवृत्त्या निघत गेल्या आहेत. पद्धत इतकी सोपी आहे, की सहावीतला मुलगाही ती वापरू शकेल.

आधी सगळ्या धोक्यांची यादी करायची. मग प्रत्येक धोक्याला दोन प्रश्न विचारायचे.

पहिला प्रश्न : झालंच तर किती वाईट होईल? उत्तरं चार : महाभयंकर, गंभीर, किरकोळ, नगण्य.

दुसरा प्रश्न : होण्याची शक्यता किती? उत्तरं पाच : वारंवार, बऱ्याचदा, कधीमधी, क्वचित, जवळजवळ नाहीच.

दोन्ही उत्तरं पाढ्यांच्या तक्त्यासारखी उभी-आडवी मांडली, की कोणत्या धोक्याकडे आधी बघायचं ते लगेच दिसतं.

आणि यातली मोठी गमतीची गोष्ट ऐका. उरलेला धोका 'चालेल' असं म्हणून कोणाला तरी सही करावी लागते. धोका जितका मोठा, तितका सही करणारा अधिकारीही मोठा! शिवाय मोठ्या धोक्यांच्या बाबतीत, जे लोक ते यंत्र प्रत्यक्ष वापरणार आहेत, त्यांच्या बाजूचीही संमती घ्यावी लागते. डब्याशेजारी ज्यांना झोपायचं आहे, त्यांना नको का विचारायला?

पाच पायऱ्यांची शिडी

धोका सापडला, आता करायचं काय? त्यासाठी एक शिडी आहे. नेहमी वरच्या पायरीपासून सुरुवात करायची. एक साधं उदाहरण घेऊ. समजा डब्यात एक इंजिन आहे आणि ते कानठळ्या बसवणारा आवाज करतं.

१. धोकाच काढून टाका. म्हणजे ते इंजिन नकोच, बिनआवाजाचं दुसरं काही वापरा.
२. ते जमत नसेल, तर रचना बदलून धोका कमी करा. इंजिन कमी वेगाने फिरेल असं करा.
३. तेही पुरत नसेल, तर संरक्षक साधन लावा. इंजिनाभोवती आवाज शोषणारी पेटी बसवा. घरच्या प्रेशर कुकरचा सेफ्टी व्हॉल्व्ह याच पायरीवरचा!
४. मग इशारा देणारी यंत्रणा. आवाज वाढला की लाल दिवा लागेल.
५. सगळ्यांत शेवटी पाटी, नियम, प्रशिक्षण आणि कानांवर लावायची टोपणं.

आपण बहुतेक वेळा काय करतो? थेट पाचव्या पायरीवर उडी मारतो! 'सावधान' अशी पाटी लावली की झालं. पण माणूस दमतो, विसरतो, घाबरतो. २०२० साली अमेरिकेतल्या सॅन डिएगो बंदरात 'बोनॉम रिशार' या मोठ्या जहाजाला दुरुस्ती चालू असताना आग लागली. फेस सोडून आग विझवायची सोय जहाजावर होती. ती सुरू करायला बटण दाबायचं होतं. पण ते वेळेत कोणीच दाबलं नाही! चार दिवसांहून जास्त काळ जहाज जळत राहिलं आणि शेवटी ते मोडीत काढावं लागलं. म्हणून सगळा भार पाचव्या पायरीवर टाकायचा नाही, आणि पाचवी पायरी विसरायचीही नाही.

औषधच जेव्हा त्रास देतं

"पण या सगळ्यात पर्यावरण कुठून आलं?" असं तुम्ही विचाराल. ऐका तर.

आगीपासून बचाव म्हणून एके काळी जहाजांत ॲस्बेस्टॉस भरपूर वापरत. ते जळत नाही. पण त्याचे बारीक तंतू श्वासातून फुप्फुसात जातात आणि कित्येक वर्षांनी कामगारांना कॅन्सरसारखे आजार होतात. पुढे आग विझवायला हॅलॉन वायू आला. आग झटक्यात विझवायचा, पण आकाशातल्या ओझोनच्या थराला इजा करायचा. १९८७च्या माँट्रियल करारानंतर विकसित देशांनी १९९४पासून त्याचं उत्पादन थांबवलं. मग पाण्याच्या बारीक फवाऱ्यासारखे दुसरे उपाय शोधावे लागले. आग विझवणाऱ्या फेसाचंही तेच. त्यातली काही रसायनं पाण्यात आणि मातीत वर्षानुवर्षं टिकून राहतात, म्हणून आता त्यालाही पर्याय शोधणं चालू आहे.

जहाजाच्या तळाला शिंपले चिकटू नयेत म्हणून कथिल असलेला विषारी रंग लावत. त्याने चिकटणारे शिंपले गेले, पण बंदरातल्या साध्यासुध्या गोगलगायी आणि कालवंही बिघडली. २००१च्या आंतरराष्ट्रीय कराराने तो रंग बंद करायचं ठरलं आणि २००८पासून करार लागू झाला.

आणि आवाज? मार्च २००० मध्ये बहामा बेटांच्या किनाऱ्यावर एकाएकी सतरा देवमासे आणि डॉल्फिन येऊन पडले. त्यांतले काही मेले. चौकशीत नौदलाने मान्य केलं, की जवळच चाललेल्या सरावातल्या सोनारच्या आवाजामुळे हे घडलं असावं. पाणबुडी शोधायचा डबा बनवताना म्हणूनच देवमाशांचाही हिशेब करावा लागतो.

पाहिलंत ना? सुरक्षा, आरोग्य आणि पर्यावरण या तीन वेगळ्या वह्या नाहीत. एका वहीतलं उत्तर दुसऱ्या वहीत गणित होऊन बसतं! म्हणून नवीन डबा कागदावर असतानाच तिन्हींची योजना एकत्र लिहायची असते. नंतर सुधारायला गेलं तर किंमत मोजावी लागते. 'इंडिपेंडन्स' नौकेचंच बघा. खारं पाणी आणि दोन वेगळे धातू एकत्र आले की विद्युतघटासारखी क्रिया सुरू होते आणि एक धातू झिजतो. हे तर शाळेच्या विज्ञानातच असतं. तरीही त्या ॲल्युमिनियमच्या नौकेत झीज थांबवायची पूर्ण व्यवस्था सुरुवातीला नव्हती, आणि २०११ साली तिच्या मागच्या भागात चांगलीच झीज सापडली.

मग पुढे काय झालं?

डब्यांची कल्पना कागदावर दिसली तितकी सोपी निघाली नाही. अमेरिकेच्या नौदलाने २०१६ साली ठरवलं, की डबे सारखे बदलत बसण्यापेक्षा एका नौकेला एकच काम द्यायचं. पहिल्या दोन नौका तर २०२१ मध्येच निवृत्त झाल्या. सुरुंगांचा डबा मात्र २०२३ साली वापरासाठी तयार ठरला. त्यात माणसाशिवाय चालणारी बोट असते, म्हणजे सुरुंगांच्या भागात नौसैनिकांना जायलाच नको. सांगा बरं, ही शिडीची कितवी पायरी?

डेन्मार्कने आपल्या पुढच्या मोठ्या नौकांवरही डब्यांचे चौक ठेवले. आपल्या माझगाव गोदीत डबे बदलत नाहीत, पण नौकेचे मोठमोठे भाग आधीच पाइप आणि तारांसकट तयार करून मग जोडायची पद्धत आहे. १५ जानेवारी २०२५ला मुंबईत नौदलात दाखल झालेली 'निलगिरी' याच पद्धतीने बांधली.

करून बघा

या रविवारी एक वही घ्या आणि आईबाबांना बरोबर घेऊन स्वयंपाकघरात जा. एकट्याने काही हलवू नका हं! एकेकट्या निरुपद्रवी, पण एकत्र आल्या तर धोक्याच्या अशा गोष्टींच्या जोड्या शोधा. गॅसची शेगडी आणि जवळचा पडदा. ओला हात आणि मिक्सरचं बटण. गोळ्या-औषधं आणि धाकट्या भावाच्या हाताला लागणारं फडताळ. प्रत्येक जोडीला ते दोन प्रश्न विचारा आणि तक्ता भरा. मग शिडी काढा, आणि वरच्या पायरीपासून उपाय सुचवा.

आणि हो, सहीची जागा विसरू नका. 'हा धोका चालेल' असं जिथे वाटेल, तिथे घरातल्या मोठ्यांची सही घ्या. सही करायला सांगितली, की पडदा कसा पटकन बाजूला होतो बघा!