पसरणीच्या उतारावरचा जुना ब्रेक

पाचगणीहून वाईला येताना पसरणी घाटात रस्ता साधारण पावणेसहाशे मीटर खाली उतरतो. गाडी आणि तिच्यावरची दोन माणसे मिळून ३०० किलो धरली, तर एवढ्या उतारात जवळपास १७ लाख ज्यूल ऊर्जा मोकळी होते. पाच लिटर पाण्याला उकळी फुटावी इतकी ही उष्णता. त्यातला काही भाग वारा घेतो, काही इंजिन घेते, आणि उरलेला सगळा ब्रेकच्या लायनरवर येतो. गाडी टू-स्ट्रोक असेल तर इंजिनाचा वाटा आणखी कमी, कारण थ्रॉटल सोडल्यावर टू-स्ट्रोक इंजिन गाडीला फारसे अडवत नाही. राजदूत ३५० किंवा आरएक्स १०० घेऊन घाट उतरणाऱ्याच्या उजव्या हाताच्या चार बोटांवर म्हणूनच फार मोठी जबाबदारी असते.

राजदूत ३५० ही एस्कॉर्ट्सने १९८३ साली आणलेली गाडी. ती यामाहाच्या आरडी ३५० वरून घेतलेली, ३४७ सीसीची, पहिल्या रूपात तीस अश्वशक्तीच्या आसपास. जपानी आरडीला पुढे डिस्क ब्रेक होता. आपल्याकडे खर्च आटोक्यात ठेवण्यासाठी त्या जागी सात इंची ड्रम आला.  त्यामुळे या गाडीला दुसरा ब्रेक बसवण्याची धडपड गेली कित्येक वर्षे चालू आहे.

पण तो ड्रम टाकाऊ होता असे कुणी म्हणू नये. साध्या ड्रममध्ये दोन शू एकाच कॅमवर उघडतात. चाक फिरताना एका शूला आपल्याबरोबर ओढून घेते, त्यामुळे तो आणखी घट्ट चिकटतो. दुसऱ्याला ते मागे ढकलते. राजदूतच्या ड्रममध्ये दोन कॅम आहेत आणि दोन्ही शू चाकाच्या दिशेने ओढले जातात. म्हणजे चाक स्वतःच्याच फिरण्याने स्वतःला थांबवायला मदत करते! या युक्तीची उलट बाजूही तितकीच थक्क करणारी आहे. साताऱ्याहून कासला जाताना यवतेश्वर घाटाच्या चढावर गाडी थांबवा आणि फक्त पुढच्या ब्रेकवर धरून पाहा. चाक मागे फिरू पाहते, दोन्ही शू ढकलले जातात आणि ब्रेक निम्म्याहून अधिक दुबळा होतो. ब्रेकमध्ये बिघाड काहीच नसतो, फक्त दिशा बदललेली असते.

दोन कॅमना जोडणारी सळी नीट लावलेली नसेल तर एकच शू टेकतो. पुष्कळ जुन्या गाड्यांचा ब्रेक ‘पकडत नाही’ तो एवढ्यामुळेच. डिस्कसाठी पैसे मोजण्याआधी ही सळी सैल करून दोन्ही शू एकाच वेळी टेकतील अशी लावून पाहावी. ड्रम उघडताना आतली धूळ मात्र फुंकरीने किंवा कॉम्प्रेसरच्या हवेने उडवू नये. जुन्या लायनरमध्ये ॲस्बेस्टॉस असे. ओल्या फडक्याने पुसावी.

आता डिस्क बसवायचीच ठरली आणि जुन्या बाजारातून आलेला, नावगाव नसलेला एखादा कॅलिपर, म्हणजे डिस्कची प्लेट पॅडमध्ये दाबून धरणारा भाग, हातात आहे असे समजा. तो ओळखायचा कसा? धातू बोलतो. उठावदार अक्षरे साच्यातून आलेली असतात आणि ठोकलेली अक्षरे नंतर मशिनवर. साच्याचा आकडा हा पुष्कळदा साच्याचाच असतो, पार्टचा नंबर नसतो. तो घेऊन दुकानात गेलात तर चुकीचा माल हाती पडू शकतो. हा फरक इकडच्या माणसांना समजावून सांगावा लागत नाही. किर्लोस्करवाडी १९१० पासून आणि साताऱ्यात धनजीशा कूपर यांचा कारखाना १९२२ पासून लोखंड ओततो आहे. ओतकामाची नजर सांगली आणि सातारा या दोन जिल्ह्यांत घरोघरी मुरलेली आहे.

लॉकहीड, ब्रेम्बो, ग्रिमेका, निस्सिन, टोकिको, अकेबोनो ही नावे कॅलिपरवर सापडतात. डिस्क प्लेटवर ‘मिन’ आणि त्यापुढे मिलिमीटरचा आकडा असतो. प्लेट त्याहून पातळ झाली असेल तर ती वापरायची नाही. ड्रमच्या आत ‘मॅक्स’ असतो, म्हणजे घासून घासून ड्रम किती मोठा होऊ द्यायचा याची हद्द. आणि सगळ्यात मोलाचा आकडा लिव्हरजवळच्या मास्टर सिलिंडरच्या अंगावर असतो: १/२, ५/८ किंवा नुसताच १४. हा आतल्या भोकाचा व्यास. कॅलिपरच्या पिस्टनचा व्यास व्हर्निअरने मोजून घ्या, की अर्धे काम झाले.

कारण हायड्रॉलिक ब्रेक ही जुळणी आहे. मोठा मास्टर म्हणजे मोठी ताकद असे वाटते, प्रत्यक्षात उलट घडते. ५/८ इंची मास्टर काढून १/२ इंची बसवला तर बोटांचा जोर तेवढाच राहूनही ब्रेक ऑइलमधला दाब दीडपटीहून थोडा अधिक होतो. त्याची किंमत लिव्हर मोजतो; त्याला तेवढ्याच पटीने जास्त अंतर जावे लागते. म्हणून चार पिस्टनचा तगडा कॅलिपर छोट्या गाडीच्या मास्टरला जोडला की लिव्हर थेट ग्रिपला टेकतो. दोन कॅलिपरसाठी केलेला मास्टर एकाला जोडला तर लिव्हर दगडासारखा घट्ट लागतो आणि गाडी थांबत नाही. दोन्ही पार्ट अस्सल, नामांकित असूनही जोडी धोक्याची.

जुन्या कॅलिपरमधली मला सर्वांत अद्भुत वाटणारी वस्तू म्हणजे पिस्टनभोवतीची चौकोनी कडांची रबरी रिंग. ड्रमच्या शूंना मागे ओढायला स्प्रिंग असते. डिस्कच्या पिस्टनला स्प्रिंग नसते. लिव्हर दाबला की पिस्टन पुढे सरकतो आणि ही रिंग किंचित पिळवटते. लिव्हर सोडला की ती पूर्ववत होते आणि पिस्टनला केसभर मागे घेते. तेवढ्या केसभर जागेत प्लेट मोकळी फिरते. पॅड झिजला की पिस्टन रिंगमधून थोडा पुढे घसरतो आणि अंतर पुन्हा तेवढेच राहते. ॲडजस्टमेंटचा स्क्रूच नको! मात्र रिंगच्या खाचेत कीट साचली किंवा कुणी पेट्रोलने धुऊन रबर फुगवले, की पिस्टन मागे येत नाही आणि चाक जड फिरते. कॅलिपर उघडला की रिंग नवीनच घालावी आणि सफाईला ब्रेक क्लीनर किंवा ब्रेक ऑइलच वापरावे.

ब्रेक ऑइल हवेतले पाणी शोषून घेते. डॉट ४ चा उत्कलनबिंदू ताजे असताना किमान २३० अंश असतो. पाणी मुरल्यावर ही किमान मर्यादा १५५ अंश. महाबळेश्वरच्या पावसाळ्याचा विचार करा आणि मग पसरणीतले ते १७ लाख ज्यूल आठवा. ऑइल उकळले की पाइपमध्ये वाफ होते, वाफ दबते आणि लिव्हर हातात मऊ पडतो.

बसवताना सगळा जोर कुठे जातो ते पाहावे. ड्रमची प्लेट शॉकॲब्सॉर्बरच्या खाचेत किंवा टॉर्क आर्ममध्ये अडकलेली नसेल, तर ब्रेक दाबताच प्लेटच चाकाबरोबर फिरते आणि चाक जाम होते. डिस्कच्या वेळी तोच जोर कॅलिपरच्या ब्रॅकेटवर येतो. ते ब्रॅकेट जाड धातूतून मशिनवर कापून घ्यावे. कुपवाडच्या एमआयडीसीतला चांगला टर्नर हे काम जाणतो. पट्टी वेल्डिंग करून चालवू नये, आणि ॲल्युमिनियमच्या शॉकॲब्सॉर्बरला वेल्डिंगचा चटका तर मुळीच देऊ नये. कॅलिपर प्लेटच्या बरोबर मध्यावर हवा, बँजो बोल्टचे तांब्याचे वायसर नवे हवेत, आटे आणि पिच जुळलेले हवेत. शेवटी ब्रेक ऑइलमधली हवा काढायची, आणि पहिली चाचणी घाटात नाही, सपाट मोकळ्या रस्त्यावर.

मोटार वाहन कायद्याचे कलम ५२ गाडीतल्या बदलांवर मर्यादा घालते, तेव्हा काम हाती घेण्याआधी साताऱ्याच्या किंवा सांगलीच्या आरटीओत विचारून घ्यावे. आणि काढलेला मूळ ड्रम, त्याची प्लेट, कॅम आणि ती जोडसळी कृपा करून भंगारात देऊ नका. २०२१ च्या केंद्रीय नियमांनुसार ५० वर्षांपुढची, मूळ रूपात जपलेली गाडी व्हिंटेज म्हणून नोंदता येते. पहिल्या राजदूत ३५० ना २०३३ साली ५० वर्षे होतील.