अंडकोषाची सूज : थांबायचं किती?

एका बाजूला अचानक जीवघेणी कळ आणि उलटी, म्हणजे वृषणाला पीळ पडलेला असू शकतो. हे बहुधा वयात येणाऱ्या मुलांत होतं. रक्तपुरवठा तुटतो, साधारण 6 तासांत पीळ सोडवला तर वृषण बहुतेक वाचतं. मुलगा लाजून ‘पोट दुखतंय’ एवढंच सांगतो, म्हणून पोटदुखीच्या पोराचीही ही जागा तपासायलाच हवी. परभणी जिल्ह्यात सोनपेठ, पालम किंवा जिंतूरहून परभणी शहर गाठण्यातही त्यातला वेळ जातो. तेव्हा उजाडायची वाट पाहू नका, रुग्णवाहिकेसाठी 108 ला फोन करा.

न दुखणारी, हळूहळू वाढलेली सूज बहुधा हायड्रोसील, म्हणजे अंडकोषात साचलेलं पाणी. अंधाऱ्या खोलीत डॉक्टर मागून टॉर्च धरतात. आत पाणी असेल तर लालसर उजेड आरपार दिसतो. सुईनं काढलेलं पाणी पुन्हा भरतं, खरा उपाय छोटी शस्त्रक्रिया. शेजारच्या नांदेडमध्ये हत्तीरोग आहे, तोही एक कारण ठरतो.

वृषणातच टणक, न दुखणारी गाठ लागली तर सोनोग्राफी लगेच करा. तरुणांत तो कर्करोग असू शकतो.

अंडकोषाची नाही, पण शेजारचीच एक तक्रार : शिश्नाची कातडी मोठेपणी मागे सरेनाशी झाली, चिरा पडू लागल्या, तर आधी रक्तातली साखर तपासा. मधुमेह कधी कधी इथेच सापडतो.