समुपदेशकाची पार्श्वभूमी आणि आघात-सजग उपचार

समजा, एक बाई समुपदेशकाकडे येते आणि म्हणते, "माझ्या अंगात येतं. दर गुरुवारी दर्ग्यात जाते, मग बरं वाटतं." तुम्ही काय लिहून घ्याल? 'अंधश्रद्धा' असे लिहिलेत, तर बोलणे तिथेच संपते.

आघात-सजग दृष्टिकोनात आजाराचे नाव नंतर येते. आधी विचारायचे ते या व्यक्तीच्या आयुष्यात काय घडले हे. अंगात येणे कधी सुरू झाले? तेव्हा घरात काय चालले होते? दर्ग्यात तिला मोकळेपणी रडता येते, घरी येत नाही, असे तर नाही? अमेरिकी सरकारच्या 'साम्सा' या संस्थेने २०१४ मध्ये या दृष्टिकोनाची सहा तत्त्वे मांडली. त्यांत सुरक्षितता पहिली आणि संस्कृती, इतिहास व लिंगभाव यांचे भान शेवटचे. वर्गातही ते शेवटी उरकले जाते. आपल्याकडे मात्र त्याच्याशिवाय सुरक्षिततेपर्यंत पोहोचणेच कठीण.

पुण्यातील उदाहरण पाहा. भार्गवी दावर यांच्या आईला मनोरुग्णालयांत राहावे लागले. ते त्यांनी लहानपणी पाहिले. पुढे त्यांनी आयआयटी मुंबईतून पीएचडी केली, कलोपचाराचे प्रशिक्षण घेतले आणि १९९९ मध्ये पुण्यात 'बापू ट्रस्ट' स्थापन केला. हे नाव आईच्या स्मरणार्थ आहे. ट्रस्टच्या 'सेहेर' उपक्रमातले कार्यकर्ते रुग्णाची वाट न पाहता वस्तीत जातात. समुपदेशनाबरोबर आहार आणि शेजारपाजारचा आधार यांचाही विचार करतात. मानसिक आघातातून सावरताना महाराष्ट्रातील दर्ग्यांचे स्थान काय, यावर दावर आणि मधुरा लोहोकरे यांनी २००९ मध्ये 'इकॉनॉमिक अँड पोलिटिकल वीकली'त लेख लिहिला.

म्हणजे श्रद्धास्थानी जे चालते ते सगळे मान्य करायचे का? नाही. २००१ मध्ये तमिळनाडूतील एरवाडी येथे (पुण्याचे येरवडा नव्हे) दर्ग्याजवळच्या आश्रयगृहाला आग लागली आणि साखळदंडांनी बांधलेली माणसे पळता न आल्याने मेली. मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ च्या कलम ९५ नुसार मनोरुग्णाला साखळीने बांधण्यास बंदी आहे. म्हणून त्या बाईला हेही विचारायचे: तिथे कोणी मारते का, बांधते का, ती स्वतःच्या इच्छेने जाते का?

पार्श्वभूमीची एक अडचणही आहे. ज्याने घरात असे दुःख पाहिले, त्याला समोरच्याचे दुःख लवकर ओळखता येते, पण त्यात स्वतःचीच गोष्ट दिसू लागण्याचा धोकाही असतो. त्यासाठी समुपदेशक आपले काम नियमितपणे ज्येष्ठ सहकाऱ्यासमोर मांडतात. सराव म्हणून वरच्या बाईला विचारायचे तुमचे पहिले तीन प्रश्न लिहा आणि त्यांतला कोणता तुमच्या स्वतःच्या घरातून आला, ते शोधा.