एक तंबोरा, अनेक हात

तंबोरा दुकानात अखंड दिसतो, पण घडतो तो सुट्या भागांतून. मिरजेत हा धंदा दीडशे वर्षांहून अधिक काळ चालत आला आहे. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगार समाजातील फरीदसाहेब सितारमेकर यांनी एकोणिसाव्या शतकात त्याचा पाया घातला.

भोपळा येतो पंढरपूर-मंगळवेढ्याकडच्या शेतांतून. तो खाण्याचा नव्हे. कडू आणि जाड सालीचा. वाळलेला भोपळा कापून, भिजवून, आतून साफ केला की त्यावर लाकडी गळा, तबली आणि पोकळ दांडी बसते. मग खुंट्या, नक्षी, पॉलिश, घोडी आणि तारा. अखेरचे काम जवारीचे. घोडीचा माथा कानसीने इतका बेताने घासायचा की तार त्याला निसटता स्पर्श करीत गुंजत राहील. जवारी बिघडली तर बाकी सर्व भाग उत्तम असूनही वाद्य बोलत नाही.

२०२४ साली मिरजेच्या सतारीला व तंबोऱ्याला भौगोलिक मानांकन मिळाले. परंतु कायद्याप्रमाणे अधिकृत वापरकर्ता म्हणून नोंद असल्याखेरीज कारागिराला ते आपल्या मालावर लावता येत नाही. ज्यांची नोंद राहिली असेल त्यांनी ती करून घ्यावी.

आणखी एक गोष्ट. मानांकन पुऱ्या वाद्याचे असते, एकेका भागाचे नाही. म्हणून व्यापारी बंधूंनी भाव ठरविताना प्रत्येक हाताची मजुरी वेगळी धरावी. भोपळा पिकविणारा शेतकरी आणि जवारीचा जाणकार परवडत नाही म्हणून उठून गेले, तर नुसत्या मिरजेच्या नावावर काय विकणार?