वरच्या आचेचा बेत

दुसरीचं सुसज्ज स्वयंपाकघर आठ दिवस आपल्या हाती आलं, तर त्यात काय करायचं? माझा हिशोब सरळ आहे. जे आपल्या ओट्यावर होतं, ते तिथे करायचं नाही. उकडीचे मोदक नाहीत, कारण मोदकाची कळी बोटांनीच पडते, तिथे यंत्र काय करणार? नानकटाईही नाही. ती आपण कुकरमध्ये वाळू घालून भाजतोच की!

मुलाच्या प्रवेशाच्या कामासाठी आम्हाला पुण्यात राहायचं होतं आणि धाकटी नणंद लेकीच्या बाळंतपणाला बंगळूरला गेलेली. "वहिनी, सगळं मोकळेपणानं वापर," म्हणत तिनं किल्ली धाडली. चार शेगड्यांचा गॅस, ओव्हन, वेट ग्राइंडर, दोन दारांचा फ्रीज. (पुरणयंत्र मात्र सगळी कपाटं धुंडाळूनही सापडलं नाही. माहेरी आली की डबाभर पुरण का नेते, ते कळलं!)

मी माझी कात्रणांची वही सोबत नेली होती. प्रत्येक पानाला एकच प्रश्न : यातलं कुठलं काम माझ्या घरी होऊच शकत नाही? ग्राइंडरचं उत्तर लगेच मिळालं. मिक्सरचं पातं गरगर फिरून पीठ तापवतं. ग्राइंडरचे दगड सावकाश फिरतात, उडीद गार राहतो आणि वाटतावाटताच फुगतो. एका सकाळी इडल्या केल्या.

पण ओव्हनचं खरं मोल वरून मिळणाऱ्या आचेत. आपली शेगडी फक्त खालून तापते. म्हणून बेबिंका. गोव्याच्या या थराथराच्या गोड पदार्थाला २०२३ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. पूर्वी झाकणावर निखारे ठेवून एकेक थर भाजत. ओव्हनमध्ये तेच काम वरची सळई करते.

अडचण होती अंड्यांची. सासूबाईंच्या ओट्यावर अंडं चढत नाही आणि सव्वीस वर्षं मी ते पाळलंय. नणंद त्याच घरात वाढलेली. किल्ली दिली म्हणजे सगळंच चालतं असं नाही, म्हणून फोन केला. "तुझ्या ओव्हनमध्ये अंड्याचं चालेल का गं?" ती खळखळून हसली. "फ्रीजमधला अंड्यांचा ट्रे दिसला नाही का? आणि आईला बोलू नकोस!"

दहा अंड्यांचे पिवळे बलक, दोन वाट्या नारळाचं दाट दूध, दोन वाट्या साखर, एक वाटी मैदा, जायफळ. साखर दुधात पूर्ण विरघळली की फेटलेले बलक आणि मैदा घालून मिश्रण गाळून घ्यायचं. भांड्यात तूप, त्यावर एक डाव मिश्रण. पहिला थर भाजून घट्ट झाला की खालची सळई बंद. मग प्रत्येक थराआधी चमचाभर तूप, पुन्हा एक डाव, आणि वरून तांबूस डाग पडेपर्यंत थांबायचं. एका थराला साधारण पाव तास. घाई केली तर थर एकमेकांत मिसळतात. सात थरांना जवळजवळ दोन तास मी काचेला डोळे लावून उभी.

"कुणी येणारेय का जेवायला?" ह्यांनी दोनदा विचारलं. कुणीच येणार नव्हतं. कुणाची फर्माईशही नव्हती, सणही नव्हता.

पूर्ण गार झाल्यावरच उलटं करून कापलं. सातही थर मोजता येत होते! उरलेल्या पांढऱ्या बलकांचं आमलेट बापलेकांनी संपवलं. निघण्याआधी ओव्हन पुसला, वापरलेलं तूप भरून ठेवलं आणि चार तुकडे नणंदेसाठी फ्रीजरमध्ये.

"काय काय केलंस गं तिकडे?" सासूबाईंनी फोनवर विचारलं. मी इडल्यांचं सांगितलं. बेबिंकाचं त्यांना इथेच कळेल. ही पुरवणी त्या माझ्याआधी वाचतात. नणंदेला विचारूनच लिहितेय बरं का! ती म्हणाली, "लिही खुशाल. आजी झाले मी आता."