औंधच्या पाण्यात समुद्र कालवताना

औंधहून समुद्र गाठायचा तर कराड, पाटण, मग कुंभार्ली घाट उतरून चिपळूण आणि पुढं गुहागर. हौस म्हणून एकदा जाऊन कॅन भरून आणता येतील. पण प्रवाळांच्या टाकीचं थोडं पाणी दर आठवड्या-पंधरवड्याला बदलावं लागतं. शंभर लिटर समुद्राचं पाणी शंभर किलोहून जड भरतं, आणि पावसाळ्यात किनाऱ्याजवळ ते नद्यांच्या पुरानं पातळ व गढूळ झालेलं असतं. मुंबईत १९५१ साली तारापोरवाला मत्स्यालय उभं राहिलं, तेव्हा अरबी समुद्र समोरच होता. खटाव तालुक्यात, पर्जन्यछायेत, समुद्र बादलीतच तयार करावा लागतो. त्यासाठी कोणतं सॉल्ट मिक्स घ्यावं आणि घेतलेलं कसं तपासावं, ते पाहू.

घरच्या मिठानं का भागत नाही, हा प्रश्न हमखास येतो. समुद्राच्या एक किलो पाण्यात साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात. त्यातले सुमारे ३० ग्रॅम सोडियम आणि क्लोराइड, म्हणजे आपलं जेवणातलं मीठच. खरा खेळ उरलेल्या पाच ग्रॅमचा आहे: सल्फेट २.७, मॅग्नेशियम १.३, कॅल्शियम आणि पोटॅशियम प्रत्येकी ०.४ च्या आसपास. उरण-पेणच्या मिठागरात पाणी आटताना आधी चुना आणि जिप्सम खाली बसतं, मग मीठ धरतं, आणि मॅग्नेशियम-पोटॅशियम शेवटच्या कडवट पाण्यात राहतं. ते पाणी काढून टाकतात, म्हणून तर मीठ खाण्याजोगं होतं. पण प्रवाळाला सांगाड्यासाठी लागणारं नेमकं त्यातून गेलेलं असतं. ‘चॅलेंजर’ जहाजानं जगभरातून आणलेले ७७ नमुने तपासून डिटमारनं १८८४ मध्ये दाखवलं, की मोकळ्या समुद्रात खारटपणा कमी-जास्त झाला तरी या प्रमुख घटकांचं एकमेकांशी प्रमाण जवळपास तेच राहतं. सॉल्ट मिक्स बनवणारे हेच प्रमाण साधायचा प्रयत्न करतात, काही जण मुद्दाम थोडं बदलतात.

मिठाआधी पाण्याचं बघायला हवं. आपल्याकडचं विहिरीचं आणि बोअरचं पाणी काळ्या खडकातून येतं. त्यात कॅल्शियम, मॅग्नेशियम, बायकार्बोनेट आणि सिलिका असते. अशा पाण्यात उत्तमातलं उत्तम मीठ कालवलं तरी आकडे मिठाचे राहत नाहीत, दोघांची बेरीज होते. सिलिकेमुळं काचेवर तपकिरी साय धरते ती वेगळीच. म्हणून आरओ आणि त्यापुढं डीआय रेझिन. टीडीएस मीटरवर शून्य किंवा एक दिसलं की पाणी घ्यायचं. एक लिटर शुद्ध पाण्यामागं आरओ दोन-तीन लिटर तरी बाहेर टाकतो, आणि या भागात ते गटारात सोडणं मला पटत नाही. ते क्षारांनी जड झालेलं असतं, झाडांना रोज घालू नये. फरशी आणि संडासाला चालतं.

आता बादली. आधी पाणी भरायचं, त्यात छोटा पंप सोडायचा, पाणी २५ अंशांच्या आसपास ठेवायचं आणि मीठ थोडं थोडं टाकत जायचं. उलट केलं, म्हणजे तळाशी मीठ ओतून वरून पाणी घातलं, तर काही क्षण तिथं इतकं तीव्र द्रावण होतं की कॅल्शियम आणि कार्बोनेट एकत्र येऊन पांढरं धुकं उठतं. ते पुन्हा सहज विरघळत नाही. मिक्समधल्या काही क्षारांसोबत पाण्याचा अंश येतो, म्हणून लिटरला ३५ ग्रॅम पुरत नाहीत, ३६ ते ४० लागतात. पिशवी उघडण्याआधी आडवी-उभी लोळवून घ्यावी. प्रवासात बारीक दाणे खाली बसतात, आणि वरच्या व तळच्या मिठाचे आकडे वेगळे येतात.

पाणी नितळ झालं की प्रथम क्षारता मोजायची. रिफ्रॅक्टोमीटर शुद्ध पाण्यावर शून्याला लावून थांबू नका; ३५ च्या प्रमाणित द्रावणावर लावा, कारण आपल्याला वाचन तिथंच घ्यायचं आहे. मगच अल्कलिनिटी, कॅल्शियम, मॅग्नेशियम. हा क्रम चुकला की मिठाला विनाकारण दोष लागतो. समजा कॅल्शियम ४०० पीपीएम आलं आणि मीठ कमी वाटलं. पण क्षारता ३३ च असेल तर ४०० ला ३५ नं गुणून ३३ नं भागा: ४२४. मीठ ठीक होतं, बादलीत कमी पडलं होतं.

अल्कलिनिटीचं किट दिसायला सोपं आहे. पाच मिलिलिटर पाणी, त्यात रंगद्रव्य, मग थेंब थेंब आम्ल टाकत बाटली फिरवायची. निळा रंग हिरवटावर येतो तिथं घाई होते. फिरवूनही टिकणारा पिवळा आला तो थेंब शेवटचा. बऱ्याच किटमध्ये एक थेंब म्हणजे एक डीकेएच (अल्कलिनिटी मोजायचं एकक), तेव्हा अर्ध्या डीकेएचचा फरक त्यात दिसणारच नाही. दुप्पट पाणी घेऊन थेंब निम्मे मोजले की थोडं बारीक कळतं. समुद्रात हा आकडा सातच्या आसपास असतो. हीच चाचणी दुसऱ्या दिवशी त्याच बादलीवर पुन्हा करा. एक-दीड डीकेएच खाली आला आणि बादलीच्या कडेला पांढरा थर दिसला, तर ते मीठ साठवून ठेवायचं नाही, कालवलं की वापरायचं.

बाजारातल्या मिठांचे ढोबळ दोन गट. एक समुद्राच्या जवळ जाणारा, ७ ते ८ डीकेएचचा. रेड सीची निळी बादली यात येते. दुसरा मुद्दाम चढा ठेवलेला, ११-१२ चा. त्याच कंपनीचं कोरल प्रो तसं आहे. चढं म्हणजे चांगलं हा समज जुना आहे आणि हिशेबात टिकत नाही. टाकी ८ वर आहे, मीठ ११ चं आहे, १० टक्के पाणी बदललं: टाकी ८.३ वर जाते. तेवढ्यानं काही बिघडत नाही. पण आजारपणात किंवा वीज गेल्यावर निम्मं पाणी बदलायची वेळ आली, तर ती एका झटक्यात साडेनऊवर जाईल, आणि दगडी प्रवाळांची टोकं जळतात ती अशा झटक्यांनी. उलट, प्रवाळ दिवसाला एक डीकेएच खात असतील तर आठवड्याच्या त्या ०.३ नं भूक भागत नाही. ती चुन्याच्या निवळीनं किंवा डोसिंगनं भागवायची. ते काम मिठावर टाकू नये.

दगडी प्रवाळांचा विषय निघालाच आहे तर: हे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या अनुसूची १ मध्ये आहेत. मालवणच्या किंवा दुसऱ्या कुठल्या किनाऱ्यावरून काढलेला तुकडा स्वस्तात मिळाला तरी घेऊ नका, आणि परदेशातून आलेला म्हणून कोणी विकत असेल तर कागदपत्रं मागा. नुसते मासे आणि मऊ प्रवाळ ठेवणाऱ्याला महागड्या मिठाची गरजही क्वचितच पडते.

साठवण थोडक्यात. मॅग्नेशियम क्लोराइड हवेतलं पाणी ओढतं. जून ते सप्टेंबर पिशवी उघडी राहिली तर ढेकळं होतात, आणि ओलीत आतल्या आत कॅल्शियम-कार्बोनेट जुळून अल्कलिनिटी घटते. घट्ट झाकणाचा डबा हवा. ढेकूळ झालेलं मीठ फोडून वापरण्याआधी पुन्हा तपासा.

निवड करताना वीस किलोची बादली लगेच उचलू नका. दोन ब्रँडच्या लहान पिशव्या आणा, एकाच दिवशी, एकाच पाण्यात, एकाच किटनं तपासा, आणि अल्कलिनिटी तुमच्या टाकीच्या जास्त जवळ असेल ते घ्या. दोन्ही सारखी निघाली तर पुण्या-कोल्हापुरातला तुमचा दुकानदार बारा महिने देऊ शकेल ते. दर दोन महिन्यांनी बदलणाऱ्या उत्तम मिठापेक्षा वर्षभर तेच राहणारं मध्यम मीठ प्रवाळाला जास्त मानवतं.